गाडी आपली आपण चालणार, मग अपघात झाला की धरायचं कोणाला?

वाटसरू
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. ड्रायव्हरलेस गाड्यांचा विषय निघाला की सगळे 'सेफ आहे की नाही' यावरच भांडत बसतात. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. धरून चालू की गाडी माणसापेक्षा बरी चालवते, तरी कधी ना कधी कोणीतरी तिच्याखाली येणारच ना. त्या दिवशी पोलिसांनी पकडायचं कोणाला आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी कोणाच्या दारात उभं राहायचं?

१८ मार्च २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात रात्रीच्या वेळी उबरची टेस्टिंगची गाडी एका बाईंना धडकली. त्या सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होत्या, त्या गेल्या. गाडी सॉफ्टवेअर चालवत होतं, सीटवर लक्ष ठेवायला एक सेफ्टी ड्रायव्हर बसवलेली होती. पुढच्या वर्षी सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी गुन्हा लावायला आधार नाही. खटला चालला तो फक्त ड्रायव्हरवर, २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला ३ वर्षं प्रोबेशन मिळालं. म्हणजे गाडी कंपनीची, सॉफ्टवेअर कंपनीचं, टेस्टिंगला रस्ता मोकळा करून दिला सरकारने, आणि कोर्टात उभी राहिली ती एकटी.

मला हे पटत नाही. चालवणाऱ्याची जबाबदारी असते, आणि सॉफ्टवेअर चालवत असेल तर ती सॉफ्टवेअर रस्त्यावर आणणाऱ्याची. हे गाडी रस्त्यावर यायच्या आधी लिहून ठरलेलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

निशिगंधा
महत्त्वाचा विषय. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहिते.

गणिती
प्रश्न योग्य आहे पण आधी आकडा डोळ्यासमोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगभरात वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. ५ ते २९ वयातल्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. या जवळपास सगळ्या गाड्या माणसंच चालवत होती. मशीन दारू पीत नाही, पेंगत नाही, चिडून कोणाला कट मारत नाही. अमेरिकेत ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात असं सरकारी आकडेवारीच सांगते. जबाबदारीचा काथ्याकूट करण्यात आपण १० वर्षं घालवली तर त्या १० वर्षांत गेलेल्यांची जबाबदारी कोणाची?

भटक्या७
गाडीला कोर्टात उभं केलं तर शपथ घेताना हात कुठून आणणार? ह.घ्या. (म्हणजे हलके घ्या.) पुढे चालू द्या, वाचतोय.

आडवाट
@गणिती, तो ९४ टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो पण मूळ अहवाल बघा, २०१५ चा आहे. त्यांनी अपघाताआधीच्या साखळीतली शेवटची कडी मोजलीय आणि तिथेच लिहून ठेवलंय की याला अपघाताचं कारण समजू नका आणि दोष ड्रायव्हरचा आहे असाही अर्थ काढू नका. वळणावर झाडाची फांदी आलीय, दिवा बंद आहे, रस्त्याचा उतार चुकलाय, ड्रायव्हरला उशिरा दिसलं आणि धडक झाली, तर या हिशोबात ते ड्रायव्हरच्या खात्यात जातं. त्यामुळे माणूस काढला की ९४ टक्के अपघात संपले हे गणित चुकीचं आहे. फांदी गाडीलाही आडवी येणारच.

बाकी ११ लाख ९० हजारवाला मुद्दा मान्य. तो कोणीच हलका घेऊ नये.

टेस्टरबाई
मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, गाड्यांच्या नाही, पण टेंपीचा तपास अहवाल मी नीट बसून वाचला होता तेव्हा थोडं सविस्तर लिहिते कारण वाटसरूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीच्या रडारला त्या बाई दिसल्या होत्या. हे परत वाचा, ५.६ सेकंद आधी. गाडीचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होता, थांबायला भरपूर अंतर होतं. पण समोर काय आहे हे सिस्टमला ठरवता येईना. आधी म्हणे गाडी आहे, मग म्हणे 'इतर काहीतरी', परत गाडी, मग सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की आधीच्या हालचालीचा इतिहास पुसला जायचा, त्यामुळे ही गोष्ट आपल्या रस्त्यात सरकत येतेय हे तिला कळायचंच नाही. दर वेळी जणू नुकतीच दिसली आणि जागेवर उभी आहे. का? कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो ही शक्यता डिझाइनमध्येच नव्हती!

शेवटी धडक होणार हे कळलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते. तिथे अजून एक गंमत करून ठेवलेली (गंमत कसली, संताप येतो). खोट्या अलार्मने गाडी सारखी कचकन थांबू नये म्हणून अशा वेळी १ सेकंद काहीच करायचं नाही असं प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. राहिला ०.२ सेकंद. आणि ती गाडी व्होल्वोची होती, तिच्यात कारखान्यातून आलेली स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोय होती, ती कॉम्प्युटर चालवत असताना बंद ठेवलेली होती.

यातला प्रत्येक निर्णय कोणीतरी माणसाने ऑफिसमध्ये बसून घेतलाय. कुठल्यातरी मीटिंगमध्ये ते ठरलंय, कुठेतरी लिहिलेलं असणार. सीटवर बसलेल्या बाईला यातलं काही माहीत असेल असं मला वाटत नाही. त्याच्या काही महिने आधी कंपनीने गाडीतली २ माणसं कमी करून १ केलं होतं, तो निर्णयही तिचा नव्हता.

दवबिंदू
बाप रे. अंगावर काटा आला वाचून.

सडेतोड
सगळं खरं, पण ती ड्रायव्हर मोबाइलवर कार्यक्रम बघत होती हे सोयीस्करपणे सगळे विसरलात. पगार घेत होती तो रस्त्याकडे बघायचा. तपासातही पहिला ठपका तिच्यावरच आहे. उद्या बसच्या ड्रायव्हरने मोबाइल बघत कोणाला उडवलं तर बसच्या कंपनीच्या मीटिंगा शोधत बसणार का आपण? तिला शिक्षा झाली ती योग्यच झाली, उलट कमीच झाली.

टेस्टरबाई
@सडेतोड, तिची चूक नाही असं मी कुठे म्हटलंय. त्याच अहवालात पुढे वाचा, कंपनीने धोक्याचा अंदाज नीट घेतला नाही, ड्रायव्हरवर देखरेख ठेवली नाही, मशीन चालवत असलं की माणूस सुस्तावतो हे माहीत असून त्यावर उपाय केला नाही, आणि राज्य सरकारनेही टेस्टिंगवर पुरेसं लक्ष ठेवलं नाही, हे सगळं कारणांमध्ये आहे. ड्रायव्हर, कंपनी, सरकार अशी सगळी नावं आली आणि शिक्षा एकीला. आक्षेप तेवढ्यावर आहे. आणि बसच्या ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असतं हो, तो बस चालवत असतो. नुसतं बघत बसायला सांगितलेला माणूस आणि चालवणारा माणूस यांत फरक आहे.

निशिगंधा
आले परत. टेस्टरबाईंचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझ्या गाडीत लेन धरून ठेवायची आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची सोय आहे, म्हणजे गाडी किती आपोआप चालते त्या मोजपट्टीवर लेव्हल २. हायवेला ती लावली की पहिली काही मिनिटं मी टक लावून बघते. मग खांदे सैल पडतात. मग स्टिअरिंगवरची बोटं नुसती टेकलेली राहतात. मग घरातला एखादा विषय मनात येतो आणि अचानक लक्षात येतं की मागचं वळण कधी गेलं मला आठवतच नाहीये. डोळे उघडे होते, रस्त्यावरच होते, पण बघत नव्हते. स्वतः चालवताना माझं असं होत नाही कारण हाताला काम असतं.

लेव्हल २ पर्यंत कायद्याने ड्रायव्हर मी. लेव्हल ३ मध्ये ठरलेल्या परिस्थितीत गाडी चालवते आणि नाही जमलं की 'घ्या ताबा' म्हणते. मर्सिडीजच्या अशा सिस्टमला जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली, सुरुवातीला ताशी ६० किलोमीटरपर्यंत. तिथल्या नियमात ताबा घ्यायला निदान १० सेकंद द्यावे लागतात आणि नाही घेतला तर गाडीने स्वतःच सुरक्षित थांबायचं. हे निदान प्रामाणिक आहे. लेव्हल २ मध्ये गाडी ९९ टक्के काम करणार आणि उरलेल्या १ टक्क्याला, तेही कसलीच सूचना न देता, माझ्याकडून वैमानिकाच्या तत्परतेची अपेक्षा करणार. खरे वैमानिकसुद्धा यात अडकतात. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान अटलांटिकमध्ये पडलं तेव्हा ऑटोपायलट अचानक सुटला होता आणि प्रशिक्षित माणसांना काय चाललंय हे वेळेत उमगलं नाही.

भटक्या७
निशिगंधाताई, हे वाचून आज गाडीतली ती सोय न लावता घरी जाणार.

वाटसरू
@सडेतोड, तिला सोडा असं माझंही म्हणणं नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको. ती संन्याशी नव्हती हे मान्य, पण ती एकटीही नव्हती.

प्रश्नचिन्ह
तो ट्रॉलीचा प्रश्न कोणीच कसा काढला नाही अजून? समोर ५ माणसं आणि बाजूला १ म्हातारा, गाडीने कोणाला मारायचं? ते आधी प्रोग्रॅम करणारा खुनी ठरेल का?

आडवाट
काढलात एकदाचा. :)
अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी यावर जगभरातून ४ कोटी उत्तरं गोळा केली होती, २०१८ मध्ये छापून आलं. तरुण वाचवा की म्हातारे, यात देशादेशांप्रमाणे कल वेगळा निघाला. पण जर्मनीच्या सरकारी एथिक्स कमिशनने २०१७ मध्येच २० नियम देऊन विषय संपवला होता: माणसाचा जीव मालमत्तेपेक्षा आणि जनावरापेक्षा वर, आणि माणसामाणसांत वय, लिंग, प्रकृती यावरून फरक करायचा नाही. मला ते पटतं. टेंपीच्या गाडीला ५ की १ असा प्रश्न पडला नव्हता, समोर माणूस आहे हेच तिला कळलं नव्हतं. खऱ्या अपघातांत हेच दिसतं. ट्रॉलीवर रात्री जागवून चर्चा करता येते पण त्यात ब्रेकचा विषय बाजूला पडतो.

गणिती
आडवाट यांनी ९४ टक्क्यांबद्दल दाखवलं ते बघितलं, तो आकडा इथून पुढे मी वापरणार नाही. पण मशीनचा एक फायदा कोणी लिहिला नाही. माणूस चुकला की तो एकटा शिकतो, बाकी लाखो जण तीच चूक करत राहतात. इथे एक गाडी चुकली की दुरुस्ती सगळ्या गाड्यांना.

टेस्टरबाई
आणि दुरुस्ती होईपर्यंत चूकही सगळ्या गाड्यांची. :) डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्सला एक पिकअप ट्रक उलटा आणि तिरका टो करून नेत होते. वेमो या ड्रायव्हरलेस टॅक्सी कंपनीच्या गाडीला तो पुढे कसा सरकेल याचा अंदाज चुकला, धडकली. काही मिनिटांनी वेमोचीच दुसरी गाडी आली आणि त्याच ट्रकला धडकली! कोणाला लागलं नाही, त्यांनी सॉफ्टवेअर परत बोलावून बदललं. दोन वेगवेगळे ड्रायव्हर असते तर दुसऱ्याने पहिल्याचा घोळ बघून ब्रेक मारला असता.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली तेव्हा सिग्नल बंद पडले, गाड्या एकाच वेळी कंट्रोल रूमला विचारायला लागल्या, तिकडे रांग लागली आणि गाड्या चौकाचौकात उभ्या. एकेक गाडी सेफ असणं वेगळं आणि शंभर गाड्या एकत्र सेफ असणं वेगळं. टेस्टिंग दोन्हीचं लागतं.

बंबवाला
सदस्यत्व आहे पण सहसा नुसतं वाचतो. आज राहवलं नाही. मी अग्निशमन दलात आहे. चौकात उभी राहिलेली गाडी तुमच्यासाठी ट्रॅफिक जाम असेल, आमच्यासाठी तिच्या मागे कोणाचं तरी जळतं घर असतं. माणूस असला की सायरन ऐकून घाबरतो, चुकीचा वळतो, पण काच खाली करून ओरडलं की हलतो. रिकाम्या गाडीवर ओरडून काय करणार? सॅन फ्रान्सिस्कोच्या फायरवाल्यांनी २०२३ मध्ये हीच तक्रार केली होती, पसरलेल्या पाइपांवर आणि बंदोबस्ताच्या पट्टीत गाड्या घुसतात म्हणून. माझं मागणं साधं आहे. आणीबाणीच्या वेळी त्या गाडीशी लगेच बोलता आलं पाहिजे, पलीकडे जिवंत माणूस पाहिजे, आणि 'इथून बाजूला व्हा' म्हटलं की झालं पाहिजे.

कलमवाली
@बंबवाला, कॅलिफोर्नियाने तसा कायदा केलाय, जुलै २०२६ पासून. पोलीस अशा गाडीच्या नियमभंगाची नोटीस थेट कंपनीच्या नावाने काढू शकतील आणि आणीबाणीवाल्यांना कंपनीशी बोलायला मार्ग द्यावा लागेल. त्याआधी तिथे पंचाईतच होती. ड्रायव्हर नाही तर चलन कोणाला फाडायचं?

आता मूळ प्रश्नाकडे. भरपाई आणि शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, नाहीतर गुंता सुटत नाही. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात भरपाईचा भाग आधी सोडवला: गाडी स्वतः चालत असताना कोणाला इजा झाली तर विमा कंपनीने आधी पैसे द्यायचे, मग तिने उत्पादकाकडून वसूल करायचे. ज्याचा पाय मोडलाय त्याला सॉफ्टवेअरमध्ये दोष होता हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागत नाहीत. मग २०२४ च्या कायद्यात शिक्षेचा भाग आला. गाडी परवानगी घेऊन स्वतः चालत असेल तेव्हा तिने चालवण्यात केलेल्या चुकीसाठी आत बसलेल्यावर गुन्हा नाही, जबाबदारी परवानगी घेणाऱ्या कंपनीवर. आणि सुरक्षेबद्दल खोटी माहिती दिली किंवा दडवली तर तो फौजदारी गुन्हा. वाटसरू म्हणतात ते बऱ्यापैकी लिहून झालंय तिथे, अंमलबजावणीचे बारीक नियम अजून यायचेत.

सडेतोड
दडवण्यावर गुन्हा हे आवडलं. त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

दवबिंदू
दडवणं म्हणजे जनरल मोटर्सच्या क्रूझ या रोबोटॅक्सी कंपनीने केलं तसं ना? ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. एका बाईंना आधी माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं आणि पळून गेला, त्या क्रूझच्या रिकाम्या टॅक्सीसमोर पडल्या. टॅक्सीने ब्रेक लावला तरी धडक बसली, थांबली. इथपर्यंत कोणी माणूस असता तरी कदाचित हेच झालं असतं. पण नंतर ती गाडी बाजूला घ्यायची म्हणून परत निघाली आणि खाली अडकलेल्या बाईंना साधारण २० फूट फरफटत नेलं. खाली माणूस आहे हे तिला कळलंच नाही.

आणि कंपनीच्या सरकारला दिलेल्या अहवालात फरफटत नेल्याचं नव्हतंच. कॅलिफोर्नियाने परवाने थांबवले, ९५० गाड्या परत बोलावल्या, पुढे खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने कबूल केलं आणि ५ लाख डॉलर दंड भरला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचं कामच सोडून दिलं. मला तरी वाटतं गाडी चुकली त्यापेक्षा नंतरचं गप्प राहणं जास्त भयंकर होतं.

श्रवण
मी जन्मापासून अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. सगळ्यांचे मुद्दे पटले तरी एक बाजू राहतेय.

तुम्ही 'या गाड्या हव्यात कशाला' असं सहज विचारू शकता कारण तुमच्याकडे किल्ली आहे. मला रात्री औषध आणायचं असेल तर कोणाला तरी उठवावं लागतं. कोणाची मर्जी न सांभाळता, कोणाला 'सॉरी हं त्रास देतोय' न म्हणता दाराबाहेर पडून गाडीत बसणं म्हणजे काय हे मला एकदा तरी अनुभवायचंय. त्याच वेळी रस्ता ओलांडणारा पादचारीही मीच आहे, आणि माझी काठी एखाद्या सिस्टमला 'इतर काहीतरी' वाटली तर मी मरेन. म्हणून मला गाड्या बंद नकोत, कडक परीक्षा हवी. आणि चाचणीत माझ्यासारखी माणसं हवीत, व्हीलचेअरवाली, कुबड्यावाली, सायकल हातात धरून चालणारी.

टेस्टरबाई
श्रवण, +१००. टेस्ट केस लिहिताना हेच सगळ्यात आधी सुटतं.

गणिती
श्रवण यांच्याशी पूर्ण सहमत. आणि परीक्षा कशी घ्यायची यातही एक अडचण आहे. अमेरिकेत माणसं चालवतात तेव्हा १० कोटी मैलांमागे साधारण १ मृत्यू होतो. म्हणजे गाडी माणसाइतकी तरी सेफ आहे हे नुसतं चालवून ९५ टक्के खात्रीने दाखवायचं तर एकही मृत्यू न होता २७ कोटी ५० लाख मैल चालवावी लागेल, हा रँड संस्थेचा २०१६ चा हिशोब आहे. आणि मध्ये सॉफ्टवेअर बदललं तर जुने मैल कितपत धरायचे? त्यामुळे कंपनी 'इतके मैल झाले, आम्ही सेफ' म्हणाली की आधी विचारा कुठल्या रस्त्यावर, कुठल्या हवेत, कुठल्या व्हर्जनने.

प्रश्नचिन्ह
आणि हॅक केली तर? २०१५ मध्ये दोघा संशोधकांनी लांब बसून चालती जीप हायवेवर बंद पाडून दाखवली होती, १४ लाख गाड्या परत बोलावल्या त्यानंतर. ती तर ड्रायव्हरलेसही नव्हती.

सडेतोड
मग तिथे हॅकर गुन्हेगार आणि दार उघडं ठेवणारी कंपनीपण. सोपं आहे.

कलमवाली
सोपं नाही हो, पण दिशा बरोबर आहे. जबाबदारी वाटता येते हे कोर्टांना नवीन नाही. २०१९ मध्ये फ्लोरिडात टेस्लाच्या ड्रायव्हरचा मोबाइल खाली पडला, तो उचलायला वाकला, गाडी ऑटोपायलटवर होती, रस्ता संपला तिथे उभ्या गाडीला धडकली, एक २२ वर्षांची मुलगी गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने ड्रायव्हरचा दोष ६७ टक्के आणि टेस्लाचा ३३ टक्के धरला, टेस्लाच्या वाट्याला दंडात्मक रक्कम धरून जवळपास २४ कोटी ३० लाख डॉलर आले. कंपनीने निकाल मान्य नसल्याचं सांगितलं. पण सडेतोड आणि टेस्टरबाई यांचा वाद ज्युरीने कसा मिटवला बघा, दोघंही दोषी.

टेस्टरबाई
३३ कमी आहेत माझ्या मते.

सडेतोड
६७ कमी आहेत माझ्या मते. :)

वाटसरू
धन्यवाद सगळ्यांना, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कलमवाली, भरपाई आणि शिक्षा वेगळी करायचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता, त्याने बरंच सुटलं. एकच गोष्ट अजून बोचते. हे सगळं सिद्ध व्हायला गाडीतला डेटा लागतो आणि तो कंपनीच्या ताब्यात. अपघात झाल्याझाल्या तो त्रयस्थ यंत्रणेकडे आपोआप गेला पाहिजे, कंपनीने निवडून दिलेला तुकडा नाही. क्रूझच्या प्रकरणात आणि सगळीकडे घोळ तिथेच होतो. अमेरिकेत २०२१ पासून कंपन्यांना अशा अपघातांची माहिती सरकारला द्यावी लागते, पण देणारे तेच आणि लिहिणारेही तेच.

बंबवाला
डेटावर सहमत. आमच्या प्रत्येक कॉलची नोंद तिसऱ्याकडे जाते, आम्हाला त्यात खाडाखोड करता येत नाही. यांना का नको?

मोगरा_फुलला
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. एक शंका: गाडी माझी, सॉफ्टवेअर कंपनीचं, पण कंपनीने अपडेट पाठवला आणि मी 'नंतर' दाबत राहिले, आणि त्याच दोषाने अपघात झाला तर?

कलमवाली
छान प्रश्न. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यात याचं कलमच आहे. सुरक्षेसाठी अत्यावश्यक असलेला अपडेट मालकाने जाणूनबुजून टाकला नाही तर विमा कंपनी मालकाला स्वतःला झालेल्या नुकसानीपुरते हात वर करू शकते. पण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला पैसे तिला द्यावेच लागतात, नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा आहे.

टेस्टरबाई
यात माझी भर: असा अपडेट बाकी असेल तर गाडीने स्वतः चालवायला नकारच द्यावा. 'नंतर' हे बटणच कशाला ठेवायचं?

सडेतोड
हे पटलं. आज पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत.

मोगरा_फुलला
धन्स कलमवाली. आणि रस्त्यात असताना आला अपडेट तर? घरी कशी येणार मी, मला तर ड्रायव्हिंग येतच नाही.

टेस्टरबाई
चालू प्रवास पूर्ण करू द्यायचा, वेग कमी ठेवून, आणि दोष फारच गंभीर असेल तर सुरक्षित जागा बघून थांबवायची आणि दुसरी गाडी पाठवायची, कंपनीच्या खर्चाने.

श्रवण
आणि ती दुसरी गाडी कुठे उभी आहे हे मला आवाजाने कळलं पाहिजे. तेही लिहून ठेवा.

टेस्टरबाई
लिहिलं.